लांबचं दिसतं, संध्याकाळ हुकते

दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या कुठल्याही दुकानासमोर उभं राहिलं, की एकच मागणी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते: सगळं एका लेन्समध्ये हवं. निवृत्तीनंतर हिमाचलला निघालेलं जोडपं असतं, मुलीच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेत जागा मिळालेले वडील असतात, दर रविवारी सह्याद्रीत जाणारी पोरं असतात. ओझं नको, लेन्स बदलण्याचा खटाटोप नको आणि लांबचं दिसलं पाहिजे. दुकानदार दोन गोष्टी काउंटरवर ठेवतो. एक म्हणजे १८-४०० किंवा २८-२०० असे आकडे मिरवणारी एकच लेन्स, म्हणजे सुपरझूम. दुसरीकडे दोन-तीन लहान लेन्स, प्रत्येकीचं काम वेगळं. हात पहिल्या लेन्सकडे जायला वेळ लागत नाही.

त्या हाताला अडवावं असं मला वाटत नाही. सुपरझूम ही शिकाऊ माणसाची लेन्स आहे, खरा फोटोग्राफर ती वापरत नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बरेच जण वर्षातून दोनदा कॅमेरा बाहेर काढतात. पण खरेदी करताना आपण कशाचे पैसे देतो आणि त्या बदल्यात काय सोडतो, हे नीट कळलेलं असावं. लेन्सच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पल्ल्याचा असतो. उजेडाचा आकडा त्याच्या शेजारी, पण गिऱ्हाईक त्याबद्दल विचारत नाही. आणि आपल्या घरातले, आपल्या गावातले जे फोटो बिघडतात, ते बहुतेक वेळा माणूस लांब होता म्हणून नाही, उजेड कमी होता म्हणून बिघडतात.

पल्ल्याची ही ओढ तशी जुनी. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली आली. फ्रँक बॅक यांनी रचलेली, फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीची ही झूमार ३६ ते ८२ मिलिमीटरची होती. म्हणजे सव्वादोन पटींचा झूम. त्याचंही तेव्हा अप्रूप होतं. १९९२ मध्ये जपानच्या टॅमरॉननं २८-२०० आणली, तेव्हा सात पटींचा पल्ला साध्या हौशी माणसाच्या गळ्यात आला. २००५ साली निकॉननं १८-२०० ही हात थरथरला तरी चित्र सावरणारी लेन्स जाहीर केली आणि अकरा पटींचा आकडा रुळला. टॅमरॉननं २००८ मध्ये १८-२७०, २०१४ मध्ये १६-३०० आणि २०१७ मध्ये १८-४०० काढली. शेवटची बावीस पटींची. वजन सुमारे ७१० ग्रॅम, आत काचेची १६ भिंगं. इतका पल्ला सुट्या लेन्सनी गाठायचा तर निदान दोन, बहुधा तीन लेन्स पिशवीत घालाव्या लागतात.

काच मात्र एकाच वेळी सगळ्यांना खूश ठेवू शकत नाही. वाइड लेन्सची रचना एका दिशेनं जाते, टेलीची अगदी उलट. दोन्ही एका नळीत बसवायच्या तर भिंगांचे गट आत मागेपुढे सरकवावे लागतात आणि कुठल्या तरी टोकाला तडजोड करावी लागते. वाड्याच्या दरवाजाचा फोटो १८ वर काढला की चौकट मधे फुगते. पल्ला वाढवत गेलं की तीच चौकट आतल्या बाजूला दबते. कोपरे मऊ पडतात. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांत यातलं पुष्कळसं गणितानं निस्तरतात. कॅननची २०१९ ची २४-२४० अगदी वाइडला इतकी वाकडी आहे, की दुरुस्तीशिवायचं कच्चं चित्र पाहिलं तर कोपरे काळे दिसतात. कॅमेरा ते सरळ करून देतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. यात फसवणूक काही नाही. भिंग आणि गणित मिळूनच आता लेन्स बनते.

शार्पनेसचा बाऊही फार केला जातो. हा अंक तुम्ही हातात धरला आहे. सात बाय साडेनऊ इंचांचं पान धरलं तर ते नीट छापायला साठ लाख पिक्सेल पुरतात. सोळा मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याच्या अडीचपट देतो. फोनच्या पडद्यावर तर सुपरझूमचा फोटो आणि महागड्या प्राइमचा, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सचा, फोटो दिवसाउजेडी शेजारी शेजारी ठेवले तरी ओळखणारे थोडेच. कोपऱ्यातलं पान किती कोरीव आलंय, यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांचं म्हणणं म्हणूनच मी फारसं मनावर घेत नाही.

उजेडाचं गणित मात्र टाळता येत नाही. लेन्सवर एफ/१.८, एफ/६.३ असं लिहिलेलं असतं. लेन्सची फोकल लांबी भागिले ज्या वाटेनं उजेड आत येतो त्या भोकाचा व्यास, हा तो आकडा. आकडा लहान तितकं भोक मोठं. उजेड या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात येतो, म्हणून एफ/१.८ ची लेन्स एफ/६.३ पेक्षा बारा पट जास्त उजेड आत घेते. साडेतीन पट नव्हे, बारा पट. सुपरझूम १८ वर ३.५ नं सुरू होते, पण जसजसं पुढे जावं तसतसा तिचा डोळा बारीक होत जातो. ५० पर्यंत पोचेतो ती ४.५ ते ५ वर आलेली असते, शेवटच्या टोकाला ६.३. निकॉनची २०२४ ची २८-४०० तर टोकाला ८ वर जाते. सगळा पल्ला तेजस्वी ठेवायचा म्हटलं तर काय होतं? ४०० मिलिमीटर भागिले २.८ म्हणजे १४३ मिलिमीटर. समोरचं भिंग साडेपाच इंचांहून मोठं लागेल. ते कोणी गळ्यात अडकवून देवदर्शनाला जाणार नाही. पल्ला आणि वजन दोन्ही हवंतसं मिळतं, तेव्हा त्याचे पैसे उजेडातून कापून घेतलेले असतात.

हे सगळं एकाच दिवसात, एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर वारीत जावं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते, तो वारीतला सर्वांत लांबचा टप्पा. हडपसर मागे पडतं, वडकीचा विसावा होतो आणि दिवे घाट सुरू होतो. रथाला जादा बैलजोड्या लावतात. वरच्या वळणावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी सकाळपासून जागा धरून बसलेली असते, कारण तिथून खाली पाहिलं की घाटाचा रस्ता पांढऱ्या टोप्यांनी आणि भगव्या पताकांनी भरून वाहताना दिसतो. तो फोटो २०० च्या पुढचा. लांबून घट्ट चौकट धरली की वळणावर वळण चढतं, दिंड्यांमधलं अंतर मिटल्यासारखं दिसतं. आणि नेमकं तेव्हाच, हातभर अंतरावरून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी आजी जाते. कपाळावर घाम, बुक्का ओघळलेला, पायांत चप्पल नाही. ती २४ वर मिळते, आणि दोन पावलांत पुढे निघून जाते.

सुट्या लेन्सवाला इथे काय करतो ते पाहण्यासारखं असतं. बॅग पोटाशी ओढायची, मागचं झाकण दातात धरायचं, टेली काढायची, वाइड लावायची. वरून भुरभुर पाऊस, बाजूनं धक्के, आणि या सगळ्यात सेन्सर उघडा. वारीत कोरडं ऊन पडलं तर धूळ, नाही तर थेंब. आजी तोवर टाळांच्या मागे दिसेनाशी झालेली असते. वर्षानुवर्षं वारीत चालणारे कितीतरी हौशी फोटोग्राफर दिवसभर एकच १८-२०० किंवा १८-३०० लावून चालतात. वीस-वीस किलोमीटर चालायचं तर खांद्यावरचा प्रत्येक ग्रॅम जाणवतो, असं त्यांचं म्हणणं, आणि घाटाच्या चढावर ते पटतं.

रिंगणात तर पर्यायच उरत नाही. वाखरीला अश्व सुटतो तेव्हा तो मैदानाच्या पलीकडे असतो. क्षणात समोरून जातो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वारकरी धावतात. दौड ३०० वर, मातीनं माखलेली बोटं २४ वर, आणि दोन्हींच्या मधे श्वास घ्यायला लागतो तितकाच वेळ. ज्यांच्याकडे दोन बॉडी नाहीत, त्यांना इथे सुपरझूमनं जे दिलं ते दुसरं काही देऊ शकलं नसतं.

अशाच दिवशी संध्याकाळी पालखी तळावर येते. समाजआरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो आणि चोपदार चोप उंचावतात. हजारो टाळ एकदम थांबतात. वारीचं दर्शन म्हणून एकच क्षण निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. पावसाळी आभाळ, सूर्य मावळलेला, तळावरचे दिवे पिवळे. जो फोटोग्राफर दुपारी सगळ्यांच्या पुढे होता, त्याची सुपरझूम आता पल्ल्याच्या टोकाला ६.३ वर उभी आहे. तेजस्वी लेन्सवर १/६०० चा शटर मिळाला असता, तिथे त्याला १/५० मिळतो. चेहरे हलतात, पताका पुसल्या जातात. आयएसओ वाढवत नेला की अंधाऱ्या भागात रवा पडतो. शेजारी एखादा मुलगा जुन्या कॅमेऱ्यावर ८५ ची एफ/१.८ लावून उभा असतो. झूम नाही, म्हणून तो गर्दीतून वाट काढत पुढे गेलेला असतो. त्याला चोपही मिळतो आणि चोप धरलेल्या हाताच्या शिराही.

लग्नाचे फोटोग्राफर हा प्रश्न पैशांनी सोडवतात. दोन बॉडी, दोन लेन्स. एका खांद्यावर २४-७० एफ/२.८, दुसऱ्यावर ७०-२०० एफ/२.८. निकॉनच्या जुन्या जोडीत पहिली ९०० ग्रॅम, दुसरी १,५४० ग्रॅम, बॉडी वेगळ्या. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, त्या एका सेकंदासाठी हे वजन दिवसभर वागवायचं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंचे चेहरे, मुंडावळ्या सावरणारी मामी, मागे डोळे पुसणारे वडील. तालुक्याच्या गावातला मंगल कार्यालयाचा हॉल दुपारीही अंधाराच असतो. सुपरझूम घेऊन येणारे पाहुणे तिथे फ्लॅश मारतात आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे करून जातात. व्यावसायिकाचं पोट त्यावर आहे म्हणून त्याला अडीच किलो परवडतं. घरच्या माणसानं त्याची नक्कल करायला जाऊ नये.

घरच्या माणसानं घराचाच विचार करावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोठा दिवा मालवलेला, समया लावलेल्या, आजोबा पोथी धरून बसलेले, नात ताटातल्या लाह्या उचलतेय. एफ/१.८ ची साधी पन्नास किंवा पस्तीस लावली आणि आयएसओ ३२०० ठेवला, तर १/१२५ च्या आसपास शटर मिळतो असं धरू. त्याच जागी सुपरझूम सहा-सात पट कमी उजेड घेते. शटर १/२० वर येतो. व्हीआर किंवा ओएस ही सोय हाताची थरथर सावरते, म्हणून समई कोरीव येते, भिंत कोरीव येते. नातीचा हात मात्र धूर होतो. कॅमेरा स्थिर करता येतो, लेकरू नाही. अंगणातली फुलबाजी, कोजागरीची गच्ची, गावच्या जत्रेतला तमाशाचा फड, माजघरातलं बारसं, रात्रीचं कीर्तन, भाऊबीजेचं औक्षण: आपलं निम्मं आयुष्य सूर्यास्तानंतर घडतं. निकॉनची २०११ ची ५० एफ/१.८ जी १८५ ग्रॅमची आहे, कॅननची २०१५ ची ५० एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅमची. कुठल्याही कंपनीच्या यादीत या स्वस्तातल्या लेन्स असतात. दुकानदार त्या आपण होऊन दाखवत नाहीत, कारण त्यांच्यावर पल्ल्याचा आकडा नाही.

पक्ष्यांचं तसं नाही. तिथे अंतर हीच पहिली अडचण असते. भिगवणला, उजनीच्या पाणलोटात, हिवाळ्यात पहाटे कुंभारगाव किंवा डिकसळहून नाव निघते. नावाडी तिथल्याच मासेमारी करणाऱ्या घरांतले. पट्टकादंब कुठे बसतो, चित्रबलाक कुठल्या झाडावर येतात, रोहितांचा थवा आज उथळात कुठे आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी दिसतं. नावेत बसलेल्यांकडे दोन प्रकारची हत्यारं असतात. कोणाकडे २००-५०० किंवा १५०-६०० च्या जड लेन्स. निकॉनची २००-५०० एफ/५.६ तर कॉलरसकट २.३ किलो, पुढचा फिल्टर ९५ मिलिमीटरचा. कोणाकडे निकॉनच्या कूलपिक्स पी९०० किंवा पी१००० सारखा लेन्स न निघणारा सुपरझूम कॅमेरा. २०१५ चा पी९०० म्हणजे ८३ पट, २०१८ चा पी१००० म्हणजे १२५ पट. २४ ते ३००० मिलिमीटरइतका पल्ला, एका कॅमेऱ्यात, दीड किलोच्या आत.

हा ३००० चा आकडा कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे. पी१००० ची लेन्स खरी ४.३ ते ५३९ मिलिमीटरचीच आहे. तिच्यामागचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. छोट्या सेन्सरवर चित्राचा छोटा तुकडाच पडतो, म्हणून तो मोठा दिसतो. ३६ बाय २४ चा फुलफ्रेम सेन्सर क्षेत्रफळानं याच्या तीस पट. शिवाय टोकाला ही लेन्स एफ/८ वर असते. एवढ्या भोकातून जाताना उजेड पसरतो. एका बिंदूची १०-११ मायक्रॉनची टिकली होते. या सेन्सरचा एक पिक्सेल १.३ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक बिंदू आठ पिक्सेल अडवून बसतो. सोळा मेगापिक्सेल नावाला राहतात. कंपनीनं कितीही चांगली काच घातली तरी हा निसर्गनियम बदलत नाही.

तरीही नावेतला पी९०० वाला मला आवडतो. लांबच्या शेकाट्याच्या पायाचा रंग, बदकाच्या चोचीवरचा ठिपका, एवढं दिसलं की नोंद पक्की होते. ज्याला लाखांत जाणारी लेन्स घेणं शक्य नाही, अशा शाळामास्तरांना आणि बँकेतून निवृत्त झालेल्यांना या कॅमेऱ्यांनी पक्षिनिरीक्षणात मानाची जागा मिळवून दिली. आणखी एक गोष्ट. पल्ला असला की नाव थव्याच्या अंगावर घालायला सांगावं लागत नाही. उडतानाचा फोटो हवा म्हणून रोहितांना उठवणारे लोक भिगवणला दर मोसमात दिसतात, आणि त्यांच्या हातात कितीही महागडी लेन्स असली तरी त्यांना नावेतून उतरवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. ऊन चढलं की मात्र कोणाचाच पल्ला चालत नाही. पाण्यावरची हवा तापून थरथरते, आणि ३००० वर त्या थरथरीचाच फोटो मिळतो. पहाटेचे दोन तास, ते संपले की कॅमेरा ठेवून दुर्बीण घ्यावी.

ताडोबात जिप्सी उडवते ती धूळ पाहिली, की आत लेन्स बदलायचा विचारही मनात येत नाही. कासच्या पठारावर उलट गंमत असते. सीतेची आसवं हे फूल काही मिलिमीटरचं, त्याला खरी मॅक्रो लेन्सच हवी असं आपण धरून चालतो. पण टॅमरॉनची १८-४०० अगदी जवळ, ४५ सेंटिमीटरवर फोकस होते आणि वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या एक तृतीयांशापर्यंत उमटवते. फुलांचा गालिचा, त्यावरचं फुलपाखरू आणि मागचा ढग, तिन्ही वाटेवरूनच मिळतात. वाट सोडून फुलांत गुडघे टेकायची गरज पडत नाही. पठारासाठी तेच बरं.

आपल्या हवेबद्दल बोलल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. परदेशी परीक्षणांत लेन्सचे सगळे गुणदोष सापडतात, फंगस सापडत नाही. कोकणात आणि मुंबईत चार महिने कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत पांढऱ्या कोळिष्टकासारखी बुरशी धरते. ती काचेवरचं कोटिंग खाते. उशीर झाला तर साफ करूनही डाग राहतो. लेन्स दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे गणपतीनंतर टेबल भरलेलं असतं. सुपरझूम पुढेमागे करताना नळी लांबते, आखडते आणि दर वेळी बाहेरची दमट हवा, धूळ आत ओढली जाते. आत १६ भिंगं, सरकणारे गट, बारीक फितीसारख्या तारा. उघडणं कष्टाचं, परत जुळवणं त्याहून कष्टाचं. साध्या ५० मध्ये सहा-सात भिंगं. न निघणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात धूळ सेन्सरवर बसली तर सगळा कॅमेरा खोलावा लागतो. लेन्स कुठलीही घ्या, तिच्याबरोबर रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. चामड्याच्या केसमध्ये घालून कपड्यांखाली ठेवण्याची जुनी सवय मोडा. लेन्स सर्वांत जास्त तिथेच खराब होतात. आणि तीन लेन्स म्हणजे तिघींची निगा. वर्षभर न वापरलेली दुसरी लेन्स ही बुरशीची हक्काची जागा.

इथे मला दुकानांतल्या डबल झूम किटबद्दल बोलायचं आहे. एका बॉडीबरोबर १८-५५ आणि ५५-२५० किंवा ७०-३०० अशी जोडी सणाच्या सवलतीत मिळते, आणि लाखो घरांत ती गेली आहे. कागदावर ती सुट्या लेन्सची निवड आहे. प्रत्यक्षात दोन्ही लेन्स सुपरझूमइतक्याच मंद, आणि दुसरी बहुधा पिशवीतच राहते. सोय सुपरझूमची नाही, उजेड प्राइमचा नाही. ही जोडी घेण्यापेक्षा एकच सुपरझूम किंवा १८-५५ च्या जोडीला एक प्राइम, दोन्ही अधिक शहाणपणाचे. सेकंडहँड घेणार असाल तर एक खबरदारी हवीच. निकॉनची जुनी ५० एफ/१.८ डी स्वस्तात मिळते, पण तिच्यात मोटर नाही. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीतही नाही. त्यावर ती लावली तर फोकस हातानं करावा लागतो. निकॉन आणि कॅनन दोघांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले. जुन्या लेन्स अडॅप्टरनं नव्या बॉडीवर चढतात, नव्या लेन्स जुन्या बॉडीवर चढत नाहीत. आज लेन्स घेताना पुढच्या बॉडीचाही विचार करा.

तुमच्या खिशातल्या फोननं या वादात आपली बाजू केव्हाच घेतली आहे. आयफोन ७ प्लसनं २०१६ मध्ये मागे दोन कॅमेरे दिले, आता तीन-चार असतात. वाइड वेगळा, मुख्य वेगळा, टेली वेगळा. फोन बनवणाऱ्यांनी एका लेन्समध्ये सगळं कोंबलं नाही. सुट्या लेन्स शेजारी शेजारी बसवल्या आणि मधली फट गणितानं भरली. त्यातली मुख्य लेन्स सर्वांत तेजस्वी ठेवली, कारण लोक फोटो कुठे काढतात हे त्यांना नीट ठाऊक आहे: घरात, हॉटेलात, रात्री.

तर माझं मत असं. डोंगरात, प्रवासात, वारीत चालणाऱ्यानं सुपरझूम घ्यावी. १८-३०० पुरते, फुलफ्रेम असेल तर २८-२०० सारखी हलकी. तिच्याबरोबर खिशात मावणारी ३५ किंवा ५० एफ/१.८ घ्यावी, आणि दिवे लागले की न चुकता बदलावी. दिवसातून एकदा, मुक्कामावर, शांतपणे लेन्स बदलायला काहीच त्रास नाही. ज्याचं मन पक्ष्यांत आहे त्यानं मधल्या वाटेनं जाऊ नये. बजेट कमी असेल तर न निघणाऱ्या लेन्सचा कॅमेरा, जास्त असेल तर १५०-६०० च्या घरातली लेन्स. आणि ज्याला घरातली माणसं, कीर्तन, नाटक, सणवार टिपायचे आहेत त्यानं पल्ल्याचा मोह सरळ सोडावा. त्याच्यासाठी दोन प्राइम पुरेशा आहेत.

आपण यातले कोण, हे दुकानदाराला विचारू नका. तुमच्याच फोनमध्ये गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतचे फोटो आहेत. जे पुन्हा पुन्हा उघडून पाहता ते वीस-तीस निवडा. प्रत्येकाच्या माहितीत काढल्याची वेळ लिहिलेली असते. निम्म्याहून अधिक फोटो सूर्यास्तानंतरचे किंवा घराच्या आतले निघाले, तर पहिले पैसे एफ/१.८ वर घाला. दिवसाचे, बाहेरचे, लांबचे निघाले, तर सुपरझूम बिनदिक्कत घ्या आणि तिला नावं ठेवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.